तीनशे शब्दांचा निबंध

चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्या काळात मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही. 'पावसाळ्यातील एक दिवस'पासून 'मी पंतप्रधान झालो तर'पर्यंत. उशिरा आला, निबंध. वर्गात बोलला, निबंध. बाकावर कर्कटकाने नाव कोरलं, निबंध. त्यामुळे मे २०२४ मध्ये नातवाने जेव्हा विचारलं, "आजी, निबंध ही शिक्षा असते का गं?" तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही.

प्रसंग तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ ची पहाट, पुण्यातलं कल्याणीनगर. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेली दोन तरुण मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही सॉफ्टवेअर इंजिनियर, मोटरसायकलवरून घरी चालली होती. मागून आलेल्या महागड्या गाडीने त्यांना उडवलं. दोघंही गेली. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, आणि तो पबमधून पिऊन निघाला होता असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती : रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे.

देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, पुढे जूनमध्ये हायकोर्टाने बाहेर काढलं. जुलै २०२५ मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. खरं तर ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की दोन जीव म्हणजे तीनशे शब्द. निबंध या माझ्या जन्मभराच्या लाडक्या गोष्टीची त्या आठवड्यात जेवढी टिंगल झाली तेवढी कधी झाली नसेल.

मग मी ठरवलं की हा कायदा आला कुठून ते बघायचं. इतिहासाच्या शिक्षकाला दुसरं काय येतं! माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे, त्याने पुस्तकं दिली आणि शंका निरसन केलं. (वर्गात हाच सर्वात जास्त शंका विचारायचा. त्याचं उट्टं काढलं.) हा लेख लिहायला आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगते. आधीच सांगायचं धैर्य नाही.

तर सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपला कायदा तिथूनच आला. मोटारगाडी यायच्या आधीच, १८७२ साली तिथे दारूविषयी एक कायदा झाला. त्यात असं होतं की सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असताना जो नशेत आढळेल त्याला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. भरलेली बंदूक हातात असताना पिणाऱ्यालाही तीच शिक्षा. मला ही यादी फार आवडली. घोडा, इंजिन आणि भरलेली बंदूक एका ओळीत! दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना मुद्दा बरोबर कळला होता. माणूस प्याला की नाही यापेक्षा त्याच्या हातात काय आहे, हे बघायचं.

मोटार चालवताना नशेत सापडलेला पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव इतिहासात आहे तो लंडनचा एक टॅक्सीवाला, जॉर्ज स्मिथ. १० सप्टेंबर १८९७ ला त्याने आपली टॅक्सी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर घातली. गंमत म्हणजे ती टॅक्सी विजेवर चालणारी होती. त्याने गुन्हा कबूल केला आणि पंचवीस शिलिंग दंड भरला. कबूल केला म्हणून बरं, नाहीतर तो नशेत होता हे सिद्ध कसं करणार? त्या काळी साधनं तीनच : पोलिसाचं नाक, डॉक्टरचे डोळे आणि जमिनीवरची एक सरळ रेघ. वास येतो का, डोळे लाल आहेत का, रेघेवरून नीट चालता येतं का.

आपल्याकडे अखिल भारतीय मोटार कायदा पहिल्यांदा १९१४ ला आला आणि त्याच्या जागी १९३९ चा सविस्तर कायदा आला. त्याच्या ११७ व्या कलमात म्हटलं होतं की दारूच्या किंवा अमली द्रव्याच्या अमलाखाली, वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत, जो असेल तो गुन्हेगार. या 'इतपत'मध्ये सगळी मेख आहे. इतपत म्हणजे कितपत? परत नाक, डोळे आणि सरळ रेघ.

आता आपल्या मुंबई राज्यात या गोष्टीला एक वेगळंच वळण मिळालं, आणि माझ्या मते आजच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. १९४९ ला मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. माझ्या पिढीच्या लोकांना तो काळ आठवत असेल. मोरारजीभाईंचं नाव, परमिट, हातभट्टी, आणि औषधाच्या दुकानातल्या 'टॉनिक'ला अचानक आलेली मागणी. आजही हॉटेलांवर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ना, ती त्याच कायद्याची आठवण. आमच्या लहानपणी एखाद्या घरात कोणी 'घेतो' हे कुजबुजत सांगायची गोष्ट होती. मुलगी देताना पहिली चौकशी तीच.

या काळातला एक खटला मला वकिलाने दाखवला आणि मी दोन दिवस त्याच विचारात होते. कायद्याच्या पुस्तकात तो पेसिकाका खटला म्हणून ओळखला जातो. २९ मे १९५१ ची रात्र. कुलाब्यात एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपची धडक बसून तीन माणसं खाली पडली, जखमी झाली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. डॉक्टरने तपासलं : वास आहे, डोळे लालसर आहेत, पण बोलणं सुसंगत आहे आणि सरळ रेघेवरून चालता येतं. बेदरकार गाडी चालवण्याचा आणि दारूबंदी मोडल्याचा, असे दोन आरोप ठेवले गेले. अधिकाऱ्याचं म्हणणं, मी दारू नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. (हे टॉनिक घराघरात असायचं, आमच्याही कपाटात होतं.)

खालच्या कोर्टाने सोडून दिलं. हायकोर्टाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी धरून एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड सुनावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे आधीच, अपघाताच्या अवघ्या चार दिवस अगोदर म्हणजे २५ मे १९५१ ला, दुसऱ्या एका खटल्यात निकाल लागला होता की अल्कोहोल असलेली औषधं दारूबंदीच्या कक्षेत आणता येणार नाहीत. मग प्रश्न असा झाला की वास दारूचा की टॉनिकचा, हे सिद्ध कोणी करायचं? १९५४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारने. सरकारला ते सिद्ध करता आलं नव्हतं, म्हणून आरोपी सुटला.

कायदा म्हणून हा निकाल मोठा आहे, त्यात घटनेचे महत्त्वाचे प्रश्न आहेत आणि विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण इतिहासाची शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट खटकली. तीन माणसं रस्त्यावर पडली होती. आणि तीन वर्षं, देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, चर्चा चालली ती पोटात काय होतं याची. हातात काय होतं याची नाही. जीप बाजूला राहिली आणि टॉनिकची बाटली पुढे आली!

पुढे १९५९ ला राज्याने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर ती दारू नव्हती हे आरोपीनेच सिद्ध करायचं. म्हणजे बघा, रक्तातला आकडा आपल्या राज्यात १९५९ ला आला, इंग्लंडमध्ये १९६७ ला. आपण पुढे होतो! पण आपला आकडा प्यायलेला माणूस पकडण्यासाठी होता, त्यांचा आकडा गाडी चालवणारा पकडण्यासाठी. मला जे म्हणायचं आहे ते हेच. आपण पिण्याला पाप मानलं आणि पिऊन चालवण्याला त्या पापाची शेपटी. पुढे दारूबंदी सैल झाली, परमिट सोपी झाली, मग पिणं प्रतिष्ठित झालं. पाप गेलं. पापाबरोबर शेपटीही गेली. पिऊन चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे हे आपल्या मनात कधी रुजलंच नव्हतं, मग ते उरणार कुठून?

बाहेरच्या जगात काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते. व्हिडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने किती प्यालं की रक्तात किती उतरतं याचं गणित मांडलं. नॉर्वेने १९३६ ला रक्तातल्या प्रमाणाची मर्यादा कायद्यात घातली. अमेरिकेत बोर्कनस्टाइन नावाच्या, पोलिसात काम केलेल्या माणसाने १९५४ ला श्वासावरून अल्कोहोल मोजायचं यंत्र बनवलं. इंग्लंडमध्ये बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंनी १९६७ ला कायदा आणला, शंभर मिलिलिटर रक्तात ऐंशी मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि रस्त्यावर फुंकर मारायची चाचणी. नाक, डोळे आणि रेघ यांची जागा आकड्याने घेतली. आकड्याशी हुज्जत घालता येत नाही, असं तेव्हा वाटलं.

आपल्याकडे १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा झाला. त्याचं १८५ वं कलम म्हणजे पिऊन चालवण्याचं कलम. मूळ मसुद्यात रक्तात अल्कोहोल 'कितीही अल्प' असलं तरी गुन्हा, असं होतं. १९९४ च्या दुरुस्तीने तिथे आकडा आला : शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त, तेही ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चाचणीत आढळलेलं. शिक्षा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन हजारांपर्यंत दंड.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती? मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर गणित करून दिलं. व्हिस्कीच्या बाटलीवर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल येतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते पूर्ण उतरलं तर शंभर मिलिलिटरमागे चाळीसच्या वर मिलिग्रॅम भरतात. बाईच्या बाबतीत आणखी जास्त. आणि शरीर ते तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम या वेगाने काढून टाकतं. ना लिंबूपाण्याने वेग वाढत, ना कॉफीने, ना थंड पाण्याच्या शिडकाव्याने. म्हणजे 'दोनच पेग' घेतलेल्याच्या रक्तात पंचाऐंशीच्या आसपास, आणि तो मर्यादेखाली यायला साडेतीन तासांहून जास्त वेळ. प्रत्येकाचं शरीर वेगळं, जेवण झालंय की नाही त्यावरही अवलंबून, हे सरांनी खाली अधोरेखित करून लिहिलं आहे. पण 'दोनच' हा शब्द आपण किती सहज वापरतो!

दंडाचं पुढे काय झालं? दोन हजार रुपये हा आकडा १९८८ पासून २०१९ पर्यंत तसाच राहिला. एकतीस वर्षं! सोन्याचा भाव कुठून कुठे गेला, दंड जागेवर. १ सप्टेंबर २०१९ पासून तो पहिल्या वेळी दहा हजार आणि पुन्हा सापडल्यास पंधरा हजार झाला. कैद तेवढीच. त्याच दुरुस्तीत ब्रेथ अ‍ॅनालायझरबरोबर प्रयोगशाळेतली चाचणीही कलमात आली. या गुन्ह्यात जागेवर पावती फाडून सुटका नाही, कोर्टातच जावं लागतं. आणि एक तरतूद फार जणांना माहीत नसते. या कलमाखाली अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. दोन तास का, हे वरच्या गणितावरून कळेल. रक्त वाट बघत नाही.

हे झालं नुसतं पिऊन चालवण्याबद्दल. माणूस मेला तर? तर मोटार कायदा नव्हे, भारतीय दंड विधान. त्याचं ३०४-अ हे कलम १८७० साली घातलं गेलं : हयगयीने मृत्यू घडवणे, दोन वर्षांपर्यंत कैद. १८७० मध्ये रस्त्यावर टांगे होते. टांग्यांच्या काळातली ती दोन वर्षं बी. जी. फॉसच्या काळातून, फियाट-अ‍ॅम्बॅसिडरच्या काळातून, द्रुतगती मार्गाच्या काळातून तशीच चालत आली. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दोनाची पाच वर्षं झाली. कल्याणीनगरचा अपघात त्याच्या सहा आठवडे आधीचा. (अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही त्या संहितेत होती. पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर चाकं थांबवली आणि तेवढं उपकलम वगळूनच संहिता लागू झाली.)

दोन वर्षं फारच कमी म्हणून पोलीस आणि सरकारी वकील दुसरं कलम लावू पाहतात, ते सदोष मनुष्यवधाचं. आपल्या कृत्याने मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना केलेलं कृत्य, दहा वर्षांपर्यंत कैद. सगळी लढाई या 'जाणीव' शब्दावर होते. मुंबईच्या कार्टर रोडचा खटला त्याचं ठळक उदाहरण. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. फुटपाथवर मजूर झोपले होते. गाडी त्यांच्यावर चढली. सात जण मेले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं, मर्यादेच्या जवळपास चौपट. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फक्त हयगयीसाठी दोषी धरलं. शिक्षा सहा महिने. लोक हादरले. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा कमीच आहे, पण राज्य सरकारने ती वाढवून मागितलेली नाही, अशा अर्थाची खंतही निकालात आहे.

सात माणसं. त्यातली एखादी जरी आपल्या घरातली असती तर आपण सहा महिने आणि तीन वर्षं यात काय फरक केला असता, कोण जाणे. पण कायद्याच्या दृष्टीने तो फरक मोठा होता. दारू पिऊन गाडी घेऊन निघणाऱ्याला परिणाम 'माहीत' असतो, असं न्यायालयाने म्हटलं. पोटातून प्रश्न पहिल्यांदा हातात आला असं मला वाटतं.

त्याच २००७ साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नाकाबंदीची मोठी मोहीम सुरू केली. रात्री रस्त्यात बॅरिकेड, हातात यंत्र, "फुंका साहेब". कोर्टांनीही नुसता दंड न करता काहींना खरोखर काही दिवस तुरुंगात पाठवलं. दंड तेव्हाही दोन हजारच होता, कायद्याचा एक शब्द बदलला नव्हता. पण आमच्या शेजारच्या मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने सांगितलं होतं ते मला आठवतं : "काकू, आता पार्टीला जाताना आधी ठरवतो आज कोण पिणार नाही." दंडाच्या रकमेपेक्षा सापडण्याची खात्री माणसाला जास्त वळण लावते. वर्गातही तेच असतं. छडी किती मोठी आहे याला मुलं भीत नाहीत. बाई गृहपाठ खरंच तपासतात का, एवढंच ती बघतात.

मात्र आकड्यावरचा जो विश्वास होता त्याला अलीकडे तडा गेला आहे. कल्याणीनगरच्या प्रकरणात सरकारी रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा आरोप आहे, त्यात डॉक्टरांना अटक झाली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत, ७ जुलै २०२४ ला, वरळीत ससून डॉकवरून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला गाडीने उडवलं, बाई गेली. आरोपी सापडला तो दोन दिवसांनी. दोन दिवसांनंतरचं रक्त काय सांगणार? ही प्रकरणं न्यायालयात आहेत, निकाल न्यायालय देईल. मला म्हणायचंय ते इतकंच की नाकापासून आकड्यापर्यंत दीडशे वर्षं आपण प्रवास केला आणि शेवटी कळलं काय, की आकडाही माणसाच्या हातातूनच जातो. कधी बाटलीत बदलतो, कधी घड्याळात विरतो.

आता ते शेवटी सांगायचं कारण.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या एका मुलीचा साखरपुडा लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये झाला. संध्याकाळी तरुण मंडळी मागच्या हिरवळीवर बसली होती. काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे न बघितल्यासारखं करत होते. रात्री अकराला पुण्याला परत निघालो. गाडी माझा भाचा चालवणार होता. पुढे त्याची बायको, मागे मी आणि मांडीवर झोपलेली त्याची पाच वर्षांची मुलगी. दार उघडताना वास आला. मी म्हटलं, "जेवलास ना रे नीट?" तो म्हणाला, "आत्या, काळजी नको, दोनच घेतलेत." भाचेसून खिडकीबाहेर बघत होती. मी गाडीत बसले.

चौतीस वर्षं वर्गासमोर उभं राहून मुलांना वाट्टेल ते सुनावलेली मी, तिथे गप्प बसले. का? हा लेख लिहिताना उत्तर सापडलं. माझ्या मनात पिणं आणि चालवणं वेगळं नव्हतंच. मला वाटलं, आता बोलले तर ते त्याच्या पिण्याबद्दल होईल. आत्या जुन्या वळणाची, आत्याला आजकालचं काही कळत नाही, शुभकार्यात तोंड वाकडं केलं. ते मला नको होतं. आधुनिक दिसायचं होतं! पिण्याबद्दल मला त्याला काही म्हणायचं नव्हतं, तो चाळिशीचा आहे, त्याचं तो बघेल. गाडीबद्दल म्हणायचं होतं. ते शब्द माझ्याकडे नव्हते, कारण मी ज्या काळात वाढले त्याने मला ते दिलेच नाहीत.

आम्ही सुखरूप पोचलो. काहीही झालं नाही. पण पूर्ण रस्ताभर मी त्या मुलीच्या डोक्यावर हात धरून बसले होते, जणू माझा हात म्हणजे काही पोलादी टोप आहे.

मोटार वाहन कायद्यात १८८ वं कलम आहे. पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देईल किंवा मदत करेल, त्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. आणि २०१९ पासून १९९-अ कलम आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वकिलाला मी विचारलं, गप्प बसणं म्हणजे मदत का रे? तो हसला. म्हणाला, "नाही बाई, नुसतं गप्प बसणं या कलमात येत नाही. तुम्ही सुटलात." शाळेत असताना कधी त्याने मला इतक्या सहज पास केलं नव्हतं, आणि मला तो निकाल अजिबात आवडला नाही.

नातवाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. निबंध शिक्षा असते का? मी त्याला सांगितलं, मला तरी झाली. तीनशे शब्दांत आटपला नाही, त्याच्या कितीतरी पट झाला. पण एक फरक आहे, हा निबंध अपघाताच्या आधी लिहिला गेला.

भाच्या, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला माहीत आहे. तुझं नाव लिहिलेलं नाही, पण तुला कळलं असेल. रागावू नकोस. दोष तुझ्याइतकाच माझा आहे, म्हणून इथे चारचौघात लिहिते. येत्या वैशाखात लग्न आहे. त्या रात्री मी दारात खुर्ची टाकून बसणार आहे आणि ज्याने घेतली असेल त्याच्याकडून गाडीची किल्ली मागणार आहे. कोणी किती घेतली हे विचारणार नाही, ते मला नकोच आहे. फक्त किल्ली. परतीसाठी ड्रायव्हर सांगून ठेवले आहेत, त्यांचे पैसे माझ्या पेन्शनमधून.

तेव्हा जो पहिला किल्ली देईल त्याला आत्याकडून आंब्याची पेटी. असो.